आसरांची हळद

त्या दिवशीही कासव पायरीवर येऊन बसलं होतं.

मनकर्णाबाईंनी पदर खोचला, दोन्ही हातांनी त्याला उचललं, "जाय बाप्पा आपल्या घरी," म्हटलं आणि विहिरीत सोडलं. मग काठावरच्या सात आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, सात दगड धुतले, शेंदूर लावला. सातव्या दगडापर्यंत येतात तोच कासव पुन्हा वर, तिसऱ्या पायरीवर, पाण्यापासून जमेल तितकं लांब. मनकर्णाबाईंच्या नवऱ्यानं, भगवानरावांनी, विहीर बांधली तेव्हा पाणी निर्मळ राहावं म्हणून सोडलेलं ते कासव. वीस-बावीस वर्षं पाण्याबाहेर तोंड काढायचंही ते मोठ्या मिनतवारीनं. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याला पाण्यात राहवत नव्हतं. डोळ्यांवर पांढरी साय आली होती आणि पाठीचे पापुद्रे सुटत होते.

"म्हातारं झालं ते," मनकर्णाबाई म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाल्या.

पाणी पिवळं होतं. पिवळं म्हणजे पावसाळ्यातल्या नाल्यासारखं गढूळ नाही. पिवळं आणि नितळ. तळाचा खडा न् खडा दिसायचा. शेवाळ नाही, पाण्यावर पळणारे किडे नाहीत, बेडूक नाही. कपारीतले पारवेसुद्धा कधीच उठून गेले होते. मलकापूरपासून दीड कोसावरचा हा मळा, आजूबाजूला वीस विहिरी, आणि एवढी स्वच्छ विहीर दुसरी नव्हती. स्वच्छतेचीही भीती वाटावी, असं कोणाला कधी वाटतं?

चार वर्षांपूर्वी नवरात्राच्या पहिल्या माळेला पाणी असं झालं. मनकर्णाबाईंनीच पहिल्यांदा पाहिलं. बादली हातातून सुटली आणि त्या म्हणाल्या, "आसराईनं हळद टाकली." आता खरं सांगायचं तर त्या साली घरात दुसरं चांगलं काही घडलं नव्हतं, आणि माणसाला चांगल्याची भूक असतेच. गाव दर्शनाला लोटलं. मग रीत पडली. घरात-भावकीत कोणी बाई गरोदर असली की विहिरीवर ओटी भरायची, घरच्या कर्त्या पुरुषानं पहिली ओंजळ प्यायची आणि दुसरी ओंजळ तिला पाजायची. भगवानराव होते तोवर ते पहिली ओंजळ प्यायचे, आणि एरवीही रोज पूजेनंतर प्यायचे. दोन वर्षांखाली पोटाच्या दुखण्यानं ते गेले. आता कर्तेपण धाकट्या भावाकडे, शेषरावांकडे आलं होतं.

आणि आज कोकिळेचं डोहाळजेवण होतं. मनकर्णाबाईंची एकुलती एक लेक, सातवा महिना, पहिलटकरीण. सासू वच्छलाबाई धामणगाव बढ्याहून तिला घेऊन कालच्या एसटीनं आल्या होत्या. येताना त्यांनी काचेची मोठी बरणी आणली होती, पाणी भरून न्यायला.

मनकर्णाबाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा सून पुरण वाटत होती. अन्नपूर्णा, तुळशीरामाची बायको. पाट्यावरचा हात तिनं थांबवला नाही आणि मानही वर केली नाही.

"आत्याबाई, एक सांगू का?"

"आता आनखीन काय?"

"कोकिळाबाईले ते पानी पाजू नका."

मनकर्णाबाईंनी परातीतल्या कणकेवर फडकं टाकलं. "पुन्हा तेच चालू झालं काय वं तुहं?"

"या इकडं. पाहून तर घ्या एकडाव."

मागच्या दारी, चुलीच्या राखेच्या ढिगाशेजारी दोन लोटे मांडलेले होते. दोन्हींच्या तोंडावर एकेक कांदा, बूड पाण्याला टेकलेलं. हे घर माळव्याचं, भाजीपाला पिकवून विकणारं. बियाण्याचा कांदा लावायच्या आधी तो असा पाण्यावर धरून पाहायचा, मुळ्या फुटल्या तर कांदा चांगला. सासूनं सुनेला लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे शिकवलं होतं. एका लोट्यातल्या कांद्याला पांढऱ्या मुळ्यांची दाट दाढी फुटली होती. दुसऱ्याला तीन-चार मुळ्या, जाडजूड, तपकिरी, टोकाला गाठ आलेल्या. त्या वळून परत कांद्याकडेच निघाल्या होत्या.

"हे ठेसनच्या नळाचं पानी, आन हे आपल्या विहिरीचं," अन्नपूर्णा म्हणाली. "एकाच वाफ्यातले कांदे हायेत. पाच डाव करून पाह्यलं मी. कांदे अदलाबदल करून पाह्यले."

मनकर्णाबाईंनी तो दुसरा कांदा उचलला. माळव्यात चाळीस वर्षं घातलेल्या बाईला मुळी काय सांगते ते कळत नव्हतं असं नाही. पण कळणं आणि कबूल करणं यांच्यामध्ये त्यांची चार वर्षांची भक्ती उभी होती, नवरा उभा होता, गाव उभं होतं.

"कांदाच किडका असन," त्या म्हणाल्या. आणि मग जे बोलू नये ते बोलल्या. "तुह्या पोटी नाई टिकलं, तर माह्या लेकीच्या पोटावर डोया काऊन ठेवतं?"

अन्नपूर्णेनं कांदा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि परत लोट्यावर ठेवला. तिचं पहिलं मूल जन्मलं तेच गार. दुसरं एक दिवस जगलं. त्याची तोंडातली टाळू फाटलेली होती आणि रडण्याचा आवाज नाकातून यायचा. दोन्ही खेपेला नऊ-नऊ महिने सासूनं रोज सकाळी आपल्या हातानं तिला हळदीचं पाणी पाजलं होतं. मायेनं पाजलं होतं, यात शंका नाही.

"बरं आत्याबाई," ती म्हणाली आणि पुरणाकडे गेली. मनकर्णाबाईंना तेव्हाच वाईट वाटलं होतं. पण पाहुणे घरात असताना वाईट वाटून घ्यायला सवड कोणाला असते?

अंगणात कोकिळा हिरवं लुगडं नेसून बाजेवर बसली होती. तिला सारखी भूक लागत होती आणि कोणी खाऊ देत नव्हतं. आधी पूजा, मग जेवण. भिंतीच्या सावलीला कडूबा फुलांच्या माळा ओवत होता. कडूबा म्हणजे या घरचा जुना सालदार. यानं तिला खांद्यावर घेऊन मळाभर फिरवलं होतं. नाल्यापलीकडे चामड्याचा कारखाना निघाला तेव्हा तो तिकडे कामाला लागला. महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची ती गोष्ट.

"कडूबाबा, पुरनाचा कसा वास सुटला पाहा," कोकिळा म्हणाली. "जीव जाऊन राह्यला माहा."

कडूबा हसला. "मले नाई येत माय आता वास."

"काऊन? सर्दी झाली काय?"

"सर्दी नाई." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. माळेचा दोरा हातात होताच. त्याचं टोक त्यानं थुंकीनं ओलं केलं, उजव्या नाकपुडीत सरकवलं, आणि डावीतून अलगद बाहेर ओढून काढलं. मग दोन्ही टोकं धरून दोरा असा इकडून तिकडे फिरवून दाखवला. "आतलं पडदं गेलं सारं. नाक एकच झालं. दुखत नाई काई. बारा जन आमी पिंपावर, नऊ जनाईचं असंच हाये."

कोकिळेची भूक कुठल्या कुठे गेली. कडूबाच्या बोटांवरही तिची नजर आता पडली. सांध्यांवर गोल गोल भोकं होती, कोणीतरी पेटती बिडी टेकवावी तशी, आणि त्यांतून रक्त येत नव्हतं.

"कशानं होते हे?"

"मसाल्यानं. कातडं कमवायचा पिवळा मसाला रायते. नारिंगी खडे, पान्यात टाकले का पिवळं जर्द पानी. पिंपं उरली, फुटली, का खदानीत नेऊन टाकतो आमी. तुमच्या वरच्या अंगाची मुरमाची खदान नाई का..."

कडूबा एकदम थांबला. त्यानं दोरा नाकातून काढला आणि माळ ओवायला घेतली. फाटकातून शेषराव येत होते.

शेषराव त्या दिवशी येणारच नव्हते. सकाळी त्यांनी अंगात कणकण असल्याचा निरोप धाडला होता. पण तुळशीराम स्वतः बोलवायला गेला. "काका, तुमच्याशिवाय पहिली ओंजळ कोन घेईन?" म्हणाला. तेव्हा त्यांनी लांब बाह्यांचा सदरा घातला आणि निघाले. वैशाखातल्या उन्हातही शेषराव लांब बाह्या घालत. पूजेच्या दिवशी तर हमखास.

त्याचं कारण आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं शेषरावांना वाटत होतं. ओंजळ तोंडाशी न्यायची, मान मागे टाकायची, मनगट थोडं वाकवायचं. पाणी बाहीत जातं आणि काखेखालून कमरेपर्यंत गार ओघळ उतरतो. तीन पूजा त्यांनी अशा निभावल्या होत्या. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला त्यांनाही एक गोल भोक पडलं होतं. ते पट्टी बांधत आणि सायकलवरून पडलो म्हणत.

खदान त्यांनीच कारखान्याच्या शेठला वापरायला दिली होती. बदल्यात शेठनं वरच्या मळ्यावर ऑइल इंजिन बसवून दिलं. भाऊ खूश झाला, घर खूश झालं. पाणी पिवळं झालं त्याच्या पंधराव्या दिवशी कारखान्याचा मॅनेजर त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "शेषरावजी, ते पाणी जनावरालासुद्धा पाजू नका." शेषराव तसेच धावत घरी आले. भाऊ विहिरीवर हात जोडून बसलेला, भोवती गाव, टाळ वाजताहेत, वैनी आसरांना ओवाळताहेत. आता कसं सांगावं? उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी भाऊच म्हणाला, "शेष्या, देवानं आपलं घर पाह्यलं बे." मग पुढे सांगणं रोज जास्त जड होत गेलं. स्वतःच्या घरी मात्र त्यांनी ठेसनवरून पिण्याचं पाणी आणायला सुरुवात केली. डॉक्टरनं सांगितलं म्हणत.

भगवानरावांच्या शेवटच्या महिन्यात शेषराव रोज रात्री त्यांचे पाय चेपत. माया होती म्हणून चेपत आणि भय होतं म्हणूनही चेपत.

अंगणात कोकिळेनं वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. "सुखरूप सुट माय," ते म्हणाले. ते त्यांना मनापासून वाटत होतं.

ऊन डोक्यावर यायच्या आत सगळे विहिरीवर गेले. सात आसरांपुढे सात ओट्या मांडल्या होत्या, हिरव्या बांगड्या, खण, पुरणाचे सात दिवे. वच्छलाबाई बरणी घेऊन पुढच्या बाजूला उभ्या होत्या. भारी कौतुक त्यांना.

"आमच्या गावात सांगतलं तर लोक खरं मानत नाई," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, डोयानं पाहून या."

"आसराईची क्रिपा, ईनबाई," मनकर्णाबाई म्हणाल्या.

तुळशीरामानं बादली ओढली आणि तांब्या भरून काकांच्या पुढे धरला. शेषरावांनी ओंजळ केली. पिवळं पाणी ओंजळीत आलं. तेवढ्यात अन्नपूर्णा बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. सहा वर्षांत ती सासरच्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय उभी राहिली नव्हती. आज पदर खांद्यावर आला होता आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मागच्या पूजेला काकाजींचा सदरा काखेपासून कमरेपर्यंत ओला झालेला तिनं पाहिला होता.

"काकाजी, बाह्या वर करा."

"काय म्हन्ते सूनबाई?"

"बाह्या कोपरापावतर वर करा आन मंग प्या."

मग तुळशीराम चिडून म्हणाला, "हे काय लावलं तू? पाहुन्याईसमोर?"

"तुमी नका बोलू. काकाजीले पेऊ द्या. ते पेले, तर मी माघारी जाते आन जल्मात तोंड उघडत नाई."

"सूनबाईच्या मनात काई तरी आलं असन," मनकर्णाबाई वच्छलाबाईंना म्हणाल्या, आणि शेषरावांकडे वळल्या. "करा ना भाऊजी वर. त्यात काय मोठं? तिचं मन राह्यते."

शेषरावांची ओंजळ तशीच होती. बोटांच्या फटीतून पाणी ठिबकत होतं आणि पायाशी मातीत पिवळे थेंब पडत होते. तुळशीरामानंच पुढे होऊन काकांच्या बाह्या वर सरकवल्या. डाव्या मनगटावरची पट्टी सुटून लोंबली. त्या गोल भोकाकडे कोकिळेनं पाहिलं आणि मग कडूबाच्या बोटांकडे पाहिलं. तिनं पोटावर दोन्ही हात ठेवले आणि एक पाऊल मागे सरकली.

"प्या काका," तुळशीराम म्हणाला.

शेषरावांनी ओंजळ तोंडापर्यंत नेली. ओठ घट्ट मिटलेले होते. हनुवटी ओली झाली, पाणी उघड्या कोपरावरून खाली गेलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पन्नाशीचा माणूस, गावात चार लोकांत उठबस असलेला, आणि त्याच्यानं पाण्याचा एक घोट घेववेना. पाहणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. शेवटी त्यांनी ओंजळ उघडली.

"वैनी," ते म्हणाले, "पोरीले पाजू नका."

"काऊन?"

"ते पानी खदानीतून येते. कारखान्याच्या पिंपाईतून. हळद नाई ते."

मनकर्णाबाई जागच्या हलल्या नाहीत. "तुमाले कवा समजलं?"

"पयल्या सालीच."

"यायचे बाबा रोज पेत होते," मनकर्णाबाईंनी तुळशीरामाकडे बोट केलं. आवाज चढला नव्हता. "तुमी बाजूले उभे राहत होते."

"हाव."

"तांब्या तुमी धरत होते."

"हाव वैनी."

तुळशीराम खाली बसला. दगडावर नाही, मातीतच बसला. त्याला काकाला मारावंसं वाटत होतं आणि हात उचलत नव्हता. शेषराव उभ्या उभ्या रडत होते, आणि त्यांना कोणी गप्प करायला गेलं नाही. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. पण इथे ते फुटेस्तोवर घरातली तीन माणसं गेली होती, त्यांतल्या दोघांना तर नावही मिळालं नव्हतं.

आणि तेव्हाच वच्छलाबाईंच्या हातातली बरणी निसटून दगडावर फुटली.

"मायबाई," त्या म्हणाल्या. "ईनबाई, पन पोरगी तर पेली ना. तिसऱ्या महिन्यापासून तुमची बाटली येऊन राह्यली आमच्या घरी. दर पंधरा दिवसाले तुमचा तुळशीराम घेऊन येते. मी सोता पाजली तिले, रोज, उपाशीपोटी."

खरं होतं ते. मनकर्णाबाई स्वतः विहिरीवरून बाटली भरायच्या, बूच मारायच्या, फडक्यात बांधायच्या आणि तुळशीरामाच्या पिशवीत द्यायच्या. पाच महिन्यांच्या दहा बाटल्या. कोकिळा आईकडे बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. लहानपणी काटा रुतला की ती अशीच बघायची, आई काढेल म्हणून.

"नाई पेल्या कोकिळाबाई," अन्नपूर्णा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"आत्याबाई बाटली भरून ठेवत. मी ते नालीत ओतून टाके, बाटली राखेनं घासे आन ठेसनचं पानी भरे. माळवं इकाले जाते तवा आनते मी घागरभर." ती खाली बघून बोलत होती, चोरी कबूल करावी तसं. "पिवळं दिसावं म्हनून चिमूटभर हळद टाके. घरची, डब्यातली. दहाच्या दहा बाटल्या. आज मातर इथी सर्वाईसमोर पाजनार, बदलता येत नोतं. म्हनून बोलली."

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावला. "तरीच. तळाशी गाळ बसे बाई पिवळा. मी म्हटलं, आसराईचा अंगारा हाये. बाटली हालवून पाजे तिले."

"खरी हळद खाली बसते, ईनबाई," अन्नपूर्णा म्हणाली. "इथली चार वर्सात कवाच बसली नाई."

कोकिळा पुढे आली आणि वैनीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली. मोठं पोट मध्ये येत होतं, तरी तिनं वैनीला सोडलं नाही.

जेवणं झाली. म्हणजे पानं वाढली गेली आणि उचलली गेली. शेषराव कधी निघून गेले ते कोणी पाहिलं नाही. तुळशीराम कडूबाला घेऊन खदान पाहायला गेला. वच्छलाबाईंनी बाळंतपण धामणगावातच करायचं ठरवलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत मोडली, आणि मनकर्णाबाईंनी त्याला हो म्हटलं. चारच्या एसटीनं माय-लेकी निघून गेल्या. सासू-सुनेला माय-लेकी म्हणण्याचा तो दिवसच होता.

ऊन कललं तेव्हा मनकर्णाबाई विहिरीवरून कासव पदरात घेऊन आल्या. घंगाळ मांडलं, घरातली ठेसनच्या पाण्याची घागर होती ती सगळी त्यात ओतली आणि कासव आत सोडलं. ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यानं मान लांब केली आणि सावकाश पाण्याखाली नेली. मनकर्णाबाई तिथेच उकिडव्या बसून राहिल्या.

अन्नपूर्णा भेंडीच्या वाफ्यात होती. मागच्या दारचा लहानसा वाफा, तिनं एकटीनं राखलेला, बाहेरच्या पाण्यावर वाढवलेला. सासू येऊन बांधावर बसली.

"तू मले आधी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं आत्याबाई. तीनदा."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. ते तसंच होतं. "तुह्या वक्ताले तुले मालूम नोतं ना वं?"

"नोतं. दुसरं गेल्यावर कडूबा भेटला ठेसनच्या नळावर. त्यानं नाक दाखवलं." अन्नपूर्णा थांबली. "मालूम असतं तर मी पेली असती का?"

"मी पाजलं तुले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "दोन डाव. माह्या हातानं." बराच वेळ त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. "आन सकाळी मी तुले ते तसं बोलली."

माफ केलं असं अन्नपूर्णा म्हणाली नाही. ती वाफ्यातलं गवत उपटत राहिली, आणि तिचा हात मध्येच पोटाशी जाऊन परत येत होता. चार बाळंतपणं केलेल्या बाईच्या नजरेतून ते सुटणार नव्हतं.

"कितवा?"

"दुसरा लागला. कोनालेच नाई सांगतलं."

मनकर्णाबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच भेदरला. "पन तू तर आता ठेसनचंच पानी पेतं ना? कवापासून?"

"दीड वर्स झालं."

"मंग झालं तर. आता कायचं भेव?"

अन्नपूर्णेनं वाफ्यातली भेंडीची झाडं दाखवली. एकाचा शेंडा फुटून दोन झाला होता आणि दोन्ही एकमेकांभोवती पिळले होते. एकाची पानं उंदरानं कुरतडल्यासारखी, पण कुरतडलेली नव्हती, तशीच फुटली होती. एकाला फूल होतं, त्याला पाकळ्याच नव्हत्या.

"विहिरीच्या पान्यावर वाढली होती त्या झाडाईचं बी धरलं मी," ती म्हणाली. "माह्या माहेरी नेलं, वरवट बकालले. भावाच्या रानात, गोड्या पान्यावर लावलं. वाकडी आली. त्याईचं बी आनून हे इथी लावलं. ह्या झाडाईनं आपली विहीर पाह्यलीसुद्धा नाई आत्याबाई. पानी बदललं. बी तेच हाये."

मनकर्णाबाई उठल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन वाफ्यात शिरल्या आणि एकेक झाड हातानं चाचपू लागल्या, शेंडा, पान, बूड. आयुष्यभर केलेलं काम होतं ते. दोन ओळी संपवून त्या सुनेकडे वळल्या.

"सरळ किती आले यातले?"

"दहात चार."

नाल्यापलीकडून कारखान्याचा भोंगा वाजला. मनकर्णाबाईंनी मागच्या दारची रिकामी घागर उचलली आणि कमरेवर घेतली.

"कोठी चालल्या आत्याबाई? दीड कोस हाये. मी उद्या माळवं नेईन तवा आनते ना."

"उद्यापासून तू वझं उचलू नको," मनकर्णाबाई म्हणाल्या. फाटकापाशी जाऊन त्या थांबल्या, मागे वळून वाफ्याकडे पाहिलं.

"चार तर हायेत ना," त्या म्हणाल्या, आणि ठेसनच्या वाटेला लागल्या.